जुनी रुग्णवाहिका, एप्रिल ते जून

कुमुदवन्संनी लिलावात घेतली ती,
मकरपुऱ्याच्या डेपोत, छत्तीस हजारांना.
बाजूवरचा लाल क्रॉस पुसट, भोंगा काढून घेतलेला.
स्ट्रेचरच्या जागी फळी, फळीवर गादी,
सलाइनच्या आकड्याला कंदील,
ऑक्सिजनच्या कप्प्यात लीलो चेवडा, लोणचं, माझ्या गोळ्या.
"चल," म्हणाल्या.
"कुठे?"
"पाणी खारट होईल तिथवर."

मी सिटी सर्व्हेत एकतीस वर्षं नकाशे शाईने गिरवले.
बडोद्यात बसून अख्खा किनारा काढला,
कावी, गंधार, दहेज, खंभात, घोघा,
चप्पल एकदाही न भिजवता.
आमच्या शहराच्या मधोमध मांडवी उभी आहे,
नाव बंदराला शोभेल असं,
आणि भोवती रिक्षा.

जंबुसरच्या रस्त्यावर ट्रक बाजूला होत.
ढाब्यावरचा पोरगा पळत आला,
"पेशंट क्यां छे, माजी?"
वन्सं स्टिअरिंगवरचा हात न काढता,
"आगळ छे. दरियो."
तो हसला नाही. त्याने काच पुसून दिली.

खंभातला दर्या नव्हता.
धक्का होता. दगडाला दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या,
माझं बोट बसेल एवढ्या खोल.
पुढे नजर पोचेल तिथवर राखाडी चिखल
आणि त्यात एक गाढव, कशाचीच घाई नसलेलं.
अकीक घासणाऱ्या म्हाताऱ्याने हात लांब केला,
"तिकडे. दिसत नाही ना? आम्हालाही नाही."
वन्सं बॉनेटला टेकून म्हणाल्या,
"उशीर झाला गं आपल्याला. तीनेकशे वर्षं."
मग दोघी इतक्या हसलो
की वन्संची कवळी हलली.
नकाशात माझी रेघ मात्र तिथंच होती,
बारीक निबाची, निळी, ठाम.

घोघ्याला जुसबभाईचा मचवा
गाळात कुशीवर पडलेला.
"बेसो," म्हणाला, "ए आवशे."
आली. आधी वास,
मग खेकड्यांची पळापळ,
मग पाण्याची एक जीभ, हातभर रुंद,
आणि पाऊण तासात मचवा उभा,
शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा दचकून.
शीड तीन रंगांचं,
एका ठिगळावर गव्हाच्या पोत्याचा छाप.

पीरमबेटापर्यंत मी दोनदा ओकले.
वन्संनी पाठ चोळली नाही.
त्या सुकाणूशी बसल्या होत्या, एक्काहत्तर वर्षांच्या,
पदर कानांभोवती घट्ट,
आडमुठी म्हैस वळवावी तसं ते लाकूड वळवत.
भाऊजींना पाण्याची धास्ती होती,
चाळीस वर्षं या बाई सूरसागराच्या कठड्याला टेकल्या नव्हत्या.
ते त्या बोलल्या नाहीत. मीच मोजलं.

बेटावर पडका तट, दीपगृह, बाभळी.
तटाच्या दगडांत शिंपले अडकलेले.
कुणी चुन्यात घातले की समुद्राने आणून ठेवले,
जुसबभाईला ठाऊक नव्हतं.
"चोपडीमां हशे," म्हणाला, आणि बिडी पेटवली.
असेल. मी शोधलं नाही.

आता जून. गाडी कारेलीबागेत, सोसायटीच्या फाटकाशी,
वायपरखाली सेक्रेटरी बक्षींची तिसरी चिठ्ठी.
टायरच्या खाचांत घोघ्याचा गाळ वाळून पांढरा.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
मी भरतीच्या वेळा लिहिते.
आज रात्री दोन वाजून दहा.
जाग येते. पुलाखाली विश्वामित्री
मगरींसकट झोपलेली असते,
तिचं पाणी शेवटी त्याच आखातात जातं,
मीच काढलं होतं ते, कागदावर.

काल जुनी गुंडाळी उलगडली,
किनाऱ्याची रेघ ब्लेडने खरवडली.
कागद तेवढ्यापुरता झिरझिरीत झाला,
पुढे काय काढावं कळेना.
वन्सं खांद्यावरून डोकावल्या,
"टिंबं दे नुसती. आणि ऊठ,
पंप बंद व्हायच्या आत डिझेल भरून येऊ."